रुमालाखालचा हात

पुस्तक मी जळगावच्या दुकानातून विकत घेतलं. ज्या मॅडमनी ते लिहिलं त्यांनी ते मला पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं असं मला आजही वाटतं, कारण त्या पुस्तकातली निम्मी अक्कल माझी आहे. दुकानदाराने जी किंमत सांगितली ती मी मुकाट्याने दिली. मेथीच्या जुडीलासुद्धा मी घासाघीस केल्याशिवाय हात लावत नाही. ओळखीचा दुकानदार असता तर ‘भाऊ, बरं नाही का?’ म्हणून विचारलं असतं. बाहेर येऊन पिकअपमध्ये बसलो आणि शेवटचं प्रकरण आधी वाचलं. वाचून राग आला आणि लाजही वाटली. राग माझ्या सवयीचा आहे. लाजेचं काय करायचं ते कळेना, म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा पिंपळनेरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी एका म्हाताऱ्या हेड्याच्या हाताखाली लागलो. हेड्या म्हणजे गुरांचा व्यापारी. बाजारोबाजार त्याचे बैल हाकले, त्याच्या शिव्या खाल्ल्या, धंदा शिकलो. पुढे त्याचीच मुलगी माझी बायको झाली. आज धुळ्यात जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो, पण गुरांचा बाजार सोडलेला नाही. मला कोणी काही आणून दिलं नाही. जे मिळवलं ते तोंडाने आणि बोटांनी.

बोटांनी हे अगदी खरं आहे. आमच्या बाजारात बैलाचा भाव कोणी मोठ्याने बोलत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून आकडा समजतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच माहीत. तोंडाने दोघं भलतंच बोलत असतात, पाऊसपाण्याचं, लग्नाचं. खरं बोलणं खाली चाललेलं असतं.

ते बघायला मॅडम बाजारात आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पायात शेण लागू नये म्हणून उचलून टाकलेली पावलं. सगळे हेडे बघत राहिले. एकजण म्हणाला, “मॅडम, गोऱ्हा पाहिजे का बैल?”

“मला भाषा पाहिजे,” त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझा सौदा नुकताच फिसकटला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. त्या नेमक्या माझ्याकडेच आल्या. “भाऊ, रुमालाखाली काय चालतं ते मला शिकवाल का?”

“फुकट नाही शिकवत.”

“मग काय घ्याल?”

“आधी माल कशाला पाहिजे ते सांगा. मग भाव.”

त्यांनी सांगितलं. धुळ्यात एका महाविद्यालयात त्या तासिका तत्त्वावर शिकवत होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ते देवाला माहीत. राहायला जळगावला, मेहरूणला, म्हाताऱ्या वडिलांजवळ. एसटीने जाऊनयेऊन करायच्या. आणि एक कादंबरी लिहीत होत्या, पुढच्या काळातल्या एका शहराची. त्या शहरात खांबाखांबावर कान बसवले आहेत. दोन माणसांनी एकांतात एकमेकांशी बोलायचं तर परवाना लागतो. कादंबरीतली बाई सरकारी नोकर आहे. दिवसभर कानाला यंत्र लावून ती दुसऱ्यांची बोलणी ऐकते आणि वर कळवते. तिच्याशी बोलणारं मात्र कोणी नाही. एक दिवस बाजारात धान्याचा एक दलाल तिला भेटतो आणि ती दोघं रुमालाखाली बोटांनी बोलायला लागतात.

“पुढे काय होतं?” मी विचारलं.

“ते मला अजून माहीत नाही.”

“मग असं करा. मी एक खूण सांगीन, तुम्ही एक प्रकरण सांगायचं. रोख व्यवहार.”

त्या हसल्या. सौदा ठरला.

शिकवायचं कुठे, हा प्रश्न होता. बाजारात रोज त्यांना बोलावणं बरं दिसलं नसतं. माझ्या दुकानात माझी माणसं. शेवटी जागा सापडली ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. दुपारची धुळे-जळगाव एसटी. मला जळगावला सुटे भाग आणायला जावंच लागायचं. आजवर पिकअपने जायचो, आता एसटीने जायला लागलो. दोघांच्या सीटवर मॅडम खिडकीजवळ, मी शेजारी, मध्ये त्यांची पिशवी आणि पिशवीवर माझा रुमाल. कंडक्टर तिकीट फाडायचा, मागे बायका लसणाच्या भावावरून भांडायच्या, आणि रुमालाखाली मी त्यांना बोटं शिकवायचो. कोणाला काही दिसलं नाही. पारोळा येईपर्यंत खुणा, एरंडोल येईपर्यंत कादंबरी, आणि मग जळगावपर्यंत नुसता हात.

त्या नुसत्या हाताचं सांगायला मला जड जातं. त्यापलीकडे आमच्यात कधी काही झालं नाही. पण तेवढंसुद्धा थोडं नव्हतं. मोबाइलवर आम्ही एकमेकांना कधी एक अक्षर पाठवलं नाही. ‘भाऊ’ म्हणणं त्यांनी हळूहळू बंद केलं, आणि त्याऐवजी काहीच म्हणायला लागल्या नाहीत. महाविद्यालयाला सुट्टी लागली की मी दुकानात माणसांवर ओरडायचो, गिऱ्हाइकाशी भांडायचो, ताटावरून उठायचो. बायको विचारायची, “तुमले काय व्हयनं?” मी म्हणायचो, उन्हाचं पित्त झालंय. सुटे भाग तर इतके आणून ठेवले की कोपरा भरून गंजायला लागले.

त्यांचंही तसंच झालं होतं, आणि तसं व्हावं म्हणून मी झटलो होतो.

धंद्याची एक रीत आहे. चांगल्या बैलाला चांगला म्हणायचं नाही. दात बघायचे आणि नाक मुरडायचं. खूर बघायचे आणि मान हलवायची. विकणाऱ्याचा जीव अर्धा झाला की मग बोलायचं. मॅडमनी प्रकरण सांगितलं की मी तेच करायचो. सांगत असताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि तरी मी म्हणायचो, “ठीक आहे. पण बाई जरा कमजोर वाटते.” त्यांचा चेहरा उतरायचा. दोन दिवसांनी तेच प्रकरण नव्याने लिहून आणायच्या. मग मी रुमालाखाली त्यांचा हात एकदा जोराने दाबायचो, म्हणजे पसंत. पुढे पुढे तो दाब मिळाल्याशिवाय त्या पुढचं पान लिहीत नव्हत्या. “तुम्ही हो म्हटल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही,” असं एकदा त्यांनीच मला सांगितलं. शिकलेली बाई, मुलांना साहित्य शिकवणारी, आणि सातवी शिकलेल्या हेड्याच्या हाताकडे बघत बसायची. मला ते फार गोड वाटलं. एखादं दुर्मीळ जनावर कवडीमोल भावाने हाती लागावं तसं वाटलं.

मग एक दिवस असं झालं की जळगावच्या अलीकडचं पाळधी यायच्या आधीच त्यांनी हात काढून घेतला. काही कारण असेल. डोकं दुखत असेल, ओळखीचं कोणी चढलं असेल. मी विचारलं नाही. माझं टाळकं सटकलं. स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांच्याकडे न बघता निघून आलो आणि सबंध रस्ताभर मनात भांडत राहिलो.

पुढच्या खेपेला मी म्हणालो, “मॅडम, तुम्ही परवा चूक केली. आमच्या धंद्यात असा हात काढत नाहीत.”

“म्हणजे?”

“रुमालाखाली हात दिला की समोरच्याने सोडल्याशिवाय काढायचा नाही. सौदा मोडायचा असला तरी. आधी त्याने सोडायचा, मग आपण काढायचा. हा बाजाराचा पहिला नियम.”

“मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सॉरी.”

हा नियम बाजारात नाही. खरा नियम याच्या नेमका उलटा आहे. रुमालाखालून हात कोणीही, केव्हाही काढू शकतो, आणि त्याने का काढला हे समोरच्याने विचारायचं नाही, रागही धरायचा नाही. म्हणूनच तर अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या हातात बोटं देतो. माझ्या सासऱ्याने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

मी मनाला समजावलं की यात काही वावगं नाही. बाहेरच्या माणसाला धंदा शिकवताना एक खूण खोटी द्यायची, ही हेड्यांची जुनी चाल आहे. सगळं खरं सांगितलं तर उद्या तोच आपल्या बाजारात उभा राहील. मलाही सासऱ्याने एक खूण वर्षभर खोटीच शिकवली होती, आणि मी जावई होणार हे ठरल्यावर ती दुरुस्त केली. पण मॅडम काही बैल घ्यायला येणार नव्हत्या. मी खोटं सांगितलं ते धंदा राखायला सांगितलं नव्हतं.

त्यांनी तो नियम जसाच्या तसा कादंबरीत घातला, आणि कादंबरी अडकली. झालं असं की त्या शहरातून बाहेर पडायची एक वाट निघाली होती. पाण्याचा टँकरवाला कादंबरीतल्या बाईला लपवून वेशीबाहेर नेणार असतो, एकाच संध्याकाळी. तिने निघायला हवं. पण दलालाने हात धरलेला, आणि तो सोडत नाही. तो काही वाईट माणूस नाही. तिच्याशिवाय त्याच्याशी त्या शहरात कोणी खरं बोललेलं नाही, एवढंच. टँकर उभा आहे, ती उभी आहे, आणि हात रुमालाखाली.

“तुमच्या धंद्यात काहीतरी वाट असेलच ना?” मॅडमनी विचारलं. “एखादी खूण, ‘आता सोड’ म्हणून?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग ती जाणार कशी?”

“कशाला जायला पाहिजे? राहू द्या तिला.”

महिनेच्या महिने गेले. त्या तेवढंच प्रकरण लिहीत राहिल्या आणि मी मान हलवत राहिलो. कादंबरी संपली तर एसटीचा प्रवासही संपेल, हे मला पक्कं कळलेलं होतं.

त्याच दिवसांत त्यांना कोकणातल्या एका महाविद्यालयातून बोलावणं आलं. कायमची नोकरी. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते. वडिलांना सोबत नेता आलं असतं, घराचीही सोय होती. हे त्यांनी मला एसटीत, हळू आवाजात सांगितलं. हात माझ्या हातात होता. सांगून झाल्यावर त्या रुमालाकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला कळत होतं. मी हात सोडायची.

मी सोडला नाही. उलट घट्ट धरला. तोंडाने म्हणालो, “चांगलंय. विचार करा.”

जळगाव आलं. उतरताना त्या म्हणाल्या, “बघते.” त्या गेल्या नाहीत. कळवायची मुदत निघून गेली. वडिलांना हवा मानवणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी मी जळगावहून येताना बायकोसाठी साडी घेतली. ती म्हणाली, “आज काय शे?” मी म्हणालो, “काही नाही, आवडली म्हणून.” ती साडी तिने फारशी नेसली नाही.

पोळ्याला मॅडम आमच्या घरी आल्या. सजवलेले बैल बघायचे होते, कादंबरीत घालायचे होते. नाही म्हणायला मला कारण सापडेना. नाही म्हटलं असतं तर बायकोने का म्हणून विचारलं असतं. तिला एवढंच माहीत होतं की एक पुस्तक लिहिणाऱ्या मॅडम माझ्याकडून बाजाराची माहिती घेतात.

बैलांची पूजा झाली. बायकोने खापरावरचे मांडे केले होते, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून दुधाबरोबर वाढले. मॅडमना तिने स्वयंपाकघरात आपल्याजवळच बसवलं. मी दारात, पाटावर. दोघी बोलत होत्या आणि माझे कान तिकडेच होते.

“ताई, तुम्ही तर बाजारातच वाढल्या असाल,” मॅडम म्हणाल्या.

“वाढनू म्हंजे काय! बापना रुमाल मीच धुये,” बायको हसली. “शेण, तंबाखू, काय नही ऱ्हाये त्यामा.”

“मग एक सांगा. रुमालाखाली हात दिला आणि समोरचा सोडतच नसेल, तर काय करायचं?”

बायकोने खापरावरून नजर उचलली. “सोडत नही म्हंजे? आपन काढी लेवाना. रुमालखाले हात मोकळा ऱ्हास. कव्हाबी काढा, कोनी राग धरत नही. मना बाप सांगे, धरेल हातना सौदा खोटा.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “यास्ले विचारा ना. यास्ले बठ्ठं माहीत शे.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ नाही. मग ताटातला मांडा मोडला, दुधात बुडवला आणि खाल्ला. “छान झालेत,” असं बायकोला म्हणाल्या.

बायको ते साध्या मनाने बोलली की सगळं ओळखून बोलली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाजारात मी माणसाच्या पापणीवरून त्याचा शेवटचा भाव ओळखतो. घरात मला ते कधी जमलं नाही, आणि विचारायची छातीही झाली नाही.

त्यानंतरच्या खेपेला मी नेहमीप्रमाणे एसटीत चढलो. त्या खिडकीजवळ होत्या, मध्ये पिशवी होती. मी रुमाल टाकला. मला वाटलं होतं त्या भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. हेड्यांची चाल, बाहेरच्याला एक खूण खोटी, धंद्यात असं चालतं, शिवाय इतकं फुकट शिकवलं त्याचं काय. सगळं घोकून आलो होतो. पण भांडण झालंच नाही. त्यांनी रुमालाखाली हात दिला. मी धरला. धुळं मागे पडलं, आणि त्यांनी हात काढून घेतला. झटका नाही, घाई नाही. जसा कोणी आपला हात आपल्या मांडीवर ठेवतो तसा. मग खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मला राग धरायचा नव्हता. नियमच तसा होता. पण मी कंडक्टरवर ओरडलो, सुट्ट्या पैशांवरून, आणि पारोळ्यालाच उतरून गेलो. रुमाल सीटवर राहिला.

त्यांनी कादंबरी त्यानंतर भराभर संपवली असणार. शेवटच्या प्रकरणात टँकर उभा आहे, आणि ती हात काढून घेते. दलाल तिला अडवत नाही. तो रुमाल झटकतो, चार पदरी घडी करतो, खांद्यावर टाकतो आणि धान्याच्या पोत्यांकडे वळतो. वेशीबाहेर गेल्यावर पहिलं वाक्य ती मोठ्याने बोलते. काय बोलते ते मी इथे सांगत नाही, पुस्तक विकत घ्या.

माझा राग त्या घडीवर आहे. मी काही रुमालाची घडी करून शांतपणे वळलो नव्हतो. मी ओरडलो होतो, आणि भर उन्हात पारोळ्याच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघत शिव्या देत होतो. मॅडमना ते माहीत आहे. तरी त्यांनी मला माझ्यापेक्षा बरा करून पुस्तकात ठेवला. माझ्या मालातली खोट त्यांनी झाकली. असं उपकाराचं ओझं मला सोसत नाही. शिवी दिली असती तर मी उलटी दिली असती आणि हिशोब मिटला असता.

आणि दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. पुस्तकातली बाई वेशीबाहेर गेली. मॅडम अजून त्याच एसटीने जातात. कोकणातली ती जागा भरली गेली. तासिका तत्त्व तसंच आहे. पुस्तकाचं नाव झालं, सत्कार झाला असं ऐकलं, पण माझ्या मुठीने जी गाडी चुकवली ती काही परत आली नाही.

पुस्तक वाचल्यानंतर माफी मागायची म्हणून मी एक दिवस दुपारच्या एसटीत चढलो. जळगावचं तिकीट काढलं. गाडी भरलेली होती, एकच जागा रिकामी, त्यांच्या शेजारची. मधल्या पिशवीवर त्यांचा हात होता, उघडा. केस पांढरे व्हायला लागले होते. माझ्या खांद्यावर नवा रुमाल होता. सवयीने टाकतो मी.

मी उभाच राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो, पण शब्द तोंडाशी आले की त्यात घासाघीस दिसायला लागायची. मी चुकलो, पण. तुम्ही पण. मला माझ्या बोलण्यातला तो ‘पण’ गिळता येईना.

त्यांनी वर बघितलं. ओळखीचं हसल्या, कुठल्याही ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“भाऊ, बसा ना.”

इतक्या वर्षांनी ते ‘भाऊ’ मला ऐकू आलं. बाजारातल्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या तसंच, मोकळं.

“नको,” मी म्हणालो. “जवळच उतरायचंय.”

पारोळा आलं. जळगावचं तिकीट खिशात होतं. मी उतरलो.